खलाशांचं फुकटचं हवामान सॉफ्टवेअर वरंध घाटाखाली कितपत कामाचं?

जुलै उजाडला की महाड-पोलादपूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास फिरायला लागतं. अरबी समुद्रावर जांभळे-गुलाबी पट्टे, त्यातून सरकणाऱ्या पांढऱ्या रेषा आणि खाली कुणीतरी चिकटवलेली ओळ: 'पुढचे ४८ तास कोकणासाठी धोक्याचे, सगळ्यांना पाठवा.' चित्र कधीचं आहे, त्यातला जांभळा रंग पावसाचा की वाऱ्याचा, हे कुणी विचारत नाही. गावातून ते मुंबईच्या नातेवाइकांकडे जातं आणि संध्याकाळपर्यंत तिथून फिरून गावात परत येतं.

बहुतेक वेळा हे चित्र 'विंडी' या संकेतस्थळावरचं असतं. विंडी २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकात सुरू झालं. सुरू करणारे इवो लुकाचोविच यांना पतंगाला बांधून लाटांवर सरकण्याच्या खेळाचा नाद होता आणि त्यासाठी वारा कळणं गरजेचं होतं. पण विंडी स्वतः अंदाज काढत नाही. अंदाजाचे आकडे सरकारी हवामान संस्थांचे असतात, विंडी ते रंगवून दाखवतं. हेच आकडे सगळ्यात मन लावून वापरणारी माणसं म्हणजे शिडाच्या बोटीवरचे खलाशी. भर समुद्रात आठवडाआठवडा मोबाइलला रेंज नसते, म्हणून त्यांच्यासाठी लॅपटॉपवर चालणारी आणि एकदा फाइल उतरवली की इंटरनेटशिवायही उघडणारी सॉफ्टवेअरं तयार झाली. त्यातली चांगली सॉफ्टवेअरं पूर्ण फुकट आहेत.

वरंध हे समुद्रापासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर आत, घाटाच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथे खलाशांच्या सॉफ्टवेअरचा काय उपयोग? उपयोग आहे, पण लोक समजतात तो नाही. या सॉफ्टवेअरमधून वारा घ्यावा आणि समुद्रवाल्यांकडून भरतीची वेळ घ्यावी. गावातल्या पावसाचा आकडा मात्र त्यावरून ठरवू नये. असं का, हे समजायला आधी आकडे कुठून येतात ते बघावं लागेल.

आकडे फुकट का मिळतात?

अमेरिकेची हवामान यंत्रणा 'ग्लोबल फोरकास्ट सिस्टिम', म्हणजे जीएफएस नावाचं मॉडेल दिवसातून चार वेळा चालवते. भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३०, सकाळी ११.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ११.३० या वेळांची स्थिती धरून. दर वेळी पुढच्या १६ दिवसांचा अख्ख्या जगाचा अंदाज निघतो आणि त्यात वरंधही येतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या खात्यांनी तयार केलेल्या गोष्टींवर कॉपीराइट लागू होत नाही. त्यामुळे हे आकडे महाडच्या नेट कॅफेतून उतरवा नाहीतर न्यूयॉर्कमधून, पैसे पडत नाहीत.

युरोपीय देशांच्या सामाईक केंद्राचं मॉडेल अनेकदा जास्त अचूक मानलं जातं. पण त्याचे आकडे कित्येक वर्षं विकत घ्यावे लागत. जानेवारी २०२२ पासून त्यांनी ते टप्प्याटप्प्याने खुले केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ताज्या अंदाजांची जवळपास सगळी यादी खुल्या परवान्यावर आणली. मोठ्या कंपन्यांना वेगात माहिती पोचवण्याचं शुल्क वेगळं आहे, सामान्य माणसाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

हे आकडे 'ग्रिब' नावाच्या फाइलमध्ये येतात. जागतिक हवामान संघटनेने ठरवून दिलेला हा फाइलचा प्रकार आहे. पृथ्वीवर जाळं टाकल्यासारखे ठिपके मारायचे आणि प्रत्येक ठिपक्यावर वाऱ्याचा वेग, दिशा, हवेचा दाब, तापमान, पाऊस हे आकडे लिहायचे. फाइलमध्ये रंग नाहीत, चित्रं नाहीत, नुसते आकडे. म्हणून ती लहान असते. गोव्यापासून डहाणूपर्यंतचा समुद्र आणि किनारा धरला तर आठवडाभराच्या वाऱ्याची फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही हलकी भरते.

खलाशी काय वापरतात?

सगळ्यात जास्त वापरात असलेलं नाव ओपनसीपीएन. मुळात हे बोटीचा मार्ग दाखवणारं सॉफ्टवेअर, पण त्यात ग्रिब फाइल उघडायची सोय जोडलेली आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि खुल्या परवान्याचं असल्यामुळे जाहिराती नाहीत, खातं उघडा म्हणून मागे लागणं नाही. दुसरं एक्सवायग्रिब, जे फक्त हवामानाच्या फाइली बघण्यासाठी आहे. ते झायग्रिब नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून निघालं. दिसायला जुनाट आहे, पण नवख्याला समजायला सोपं. तिसरं क्यूटीव्हीएलएम, ज्यात वारा बघून बोटीचा मार्गही आखता येतो. वरंधमध्ये बसून मार्ग आखायचा नसल्यामुळे ते सोडून दिलं तरी चालेल.

भर समुद्रात असलेले लोक आणखी एक युक्ती वापरतात. सेलडॉक्स नावाच्या सेवेला एका ओळीचा ईमेल करायचा. कुठल्या अक्षांशापासून कुठल्या रेखांशापर्यंत आणि किती दिवसांचा अंदाज हवा, एवढंच त्यात लिहायचं. थोड्या वेळात उत्तरादाखल ग्रिब फाइल येते. सॅटेलाइट फोनच्या मुंगीच्या गतीने चालणाऱ्या जोडणीवरही हे जमतं. टूजीच्या एका काडीवर गावात बसलेल्या माणसालाही जमेल, फक्त आजवर ही सोय त्याला कुणी सांगितलेली नाही.

फाइल उघडली की नकाशावर छोटे बाण दिसतात, त्यांना शेपटीकडे पिसं असतात. अर्धं पीस म्हणजे ५ नॉट, पूर्ण पीस म्हणजे १० नॉट, भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. तीन पूर्ण पिसं दिसली तर वारा ताशी ५५ किलोमीटरचा. एवढं आलं तरी निम्मी फाइल वाचता येते.

एक सावधानता: ओपनसीपीएन फुकट असलं, तरी भारतीय समुद्रात बोट हाकण्यासाठीचे अधिकृत सागरी नकाशे डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे असतात. सॉफ्टवेअरसोबत येणारी जगाची ढोबळ रूपरेषा हवामान बघायला पुरेशी आहे, खडक चुकवायला नाही.

घाटाखालच्या गावाचं समुद्राशी काय नातं?

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, घाटातून उतरून पोलादपूरला येते, पुढे महाडला गांधारी तिला मिळते आणि दासगाव, आंबेत करत ती बाणकोटला समुद्राला मिळते. वरंध, बिरवाडी बाजूचं पाणीही शेवटी याच खोऱ्यात येतं. जुन्या काळी महाड हे खाडीतलं बंदर होतं, मालाची गलबतं आतपर्यंत येत. गलबतं थांबून जमाना झाला, पण भरती अजून येतेच. समुद्र चढला की बाणकोटच्या मुखातून पाणी दासगावच्या पुढे आत शिरतं.

नदी आणि समुद्र किती एक आहेत, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कळलं. महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या आणि नंतर काही मृतदेह थेट हरिहरेश्वर, आंजर्लेच्या किनाऱ्याला लागले.

पुराच्या वेळी हे नातं उलट्या बाजूनेही काम करतं. महाबळेश्वरचं पाणी धो-धो खाली येत असताना खालून भरती चढत असेल, तर नदीला वाट मिळत नाही. पाणी तुंबतं आणि महाडच्या बाजारपेठेत शिरतं. महाडकर यासाठी पात्रातला गाळ, मधली बेटं आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांच्याकडेही बोट दाखवतात आणि त्यावर अनेक वर्षं वाद आहे. भरतीच्या वेळेवर मात्र कुणाचा वाद असू शकत नाही. ती आधीपासून ठरलेली असते.

त्यासाठी सॉफ्टवेअरही लागत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांचं एक गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि महाडच्या बाजूला पाणी चढायला त्याहून जास्त वेळ लागतो. पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर होणाऱ्या हिशेबाकडून आणखी काय अपेक्षा करणार? मिनिटामिनिटाचे आकडे हवे असतील तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो.

हे गणित २२ जुलै २०२१ ला लावून बघा. आषाढ शुद्ध त्रयोदशी, दुपारनंतर चतुर्दशी. तेरा आणि चौदाची पाऊणपट म्हणजे पावणेदहा ते साडेदहा, सकाळी आणि रात्री. शिवाय पौर्णिमा २४ तारखेला, म्हणजे महिन्यातल्या मोठ्या भरत्यांचे दिवस. त्याच २४ तासांत, २३ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नुसते १०० मिलिमीटर पडले तरी एका चौरस किलोमीटरवर १० कोटी लिटर होतात. हे पाणी डोंगरावरून खाली येणार आणि खाली खाडी फुगलेली. महाड शहर पाण्याखाली गेलं.

भरती कधी, हे महिनाभर आधी माहीत होतं. पाऊस किती, हे कुणाला नेमकं माहीत नव्हतं. खलाशांचं सॉफ्टवेअर कुठे उपयोगी आणि कुठे नाही, ते याच फरकात आहे.

पोलादपूरचा ठिपका

जीएफएसच्या खुल्या फाइलमध्ये ठिपके पाव-पाव अंशावर असतात, आपल्याकडे साधारण २६ ते २८ किलोमीटरवर एक. त्यातला एक ठिपका १८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.५ अंश पूर्व रेखांशावर पडतो. नकाशात बघितलं तर हा ठिपका पोलादपूरच्या अगदी शेजारी आहे. पूर्वेकडचा पुढचा ठिपका ७३.७५ वर, घाट ओलांडून थेट वाई तालुक्यात. म्हणजे महाबळेश्वरचं पठार दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवलं.

वर्षभरात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून डोंगर उतरून गेलं की वाईत हजारही नाही. इतका फरक इतक्या कमी अंतरात महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. त्या फरकाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका मारून मधलं सॉफ्टवेअर गणिताने भरून काढतं. स्क्रीनवर दिसणारा तो मऊसूत रंग म्हणजे मोजलेला पाऊस नव्हे, दोन आकड्यांच्या मधली सरासरी.

वरंधचं तर आणखी अवघड. वरंधवर बोट ठेवलं की जो आकडा दिसतो, तो चार ठिपक्यांचं मिश्रण असतो: एक पोलादपूरचा, एक रायगड किल्ल्याच्या परिसरातला, एक भोर-वेल्ह्याच्या बाजूचा आणि एक वाई तालुक्यातला. चारपैकी दोन ठिपके घाटमाथ्यापलीकडे, जिथे पाऊस कमी होत जातो. घाटाच्या पायथ्याशी मुसळधार पडत असताना मोबाइलवर 'हलका पाऊस' का दिसतो, याचं एक मोठं कारण हे.

त्यात मॉडेलमधला सह्याद्री हा खरा सह्याद्री नसतो. प्रत्येक चौकटीतल्या डोंगर-दऱ्यांची उंची सरासरीने धरली जाते, त्यामुळे हजार मीटरचा कडा मॉडेलमध्ये लांबलचक उतरण होतो. समुद्रावरून आलेला बाष्पाने भरलेला वारा खऱ्या कड्याला आपटून झटकन वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिकामा होतो. मॉडेलमधला वारा रमतगमत चढतो. मग पावसाचा सगळ्यात मोठा आकडा कमी दिसणार, हे ओघाने आलं. युरोपीय मॉडेलचे बारीक ठिपके सुमारे ९ किलोमीटरवर असतात, विंडीवर तेच निवडलेलं असतं. त्याने चित्र सुधारतं, पण शिवथरच्या दरीत किती आणि वरंध घाटात किती हे त्यातूनही सुटं होत नाही. समुद्रावर ही अडचण येत नाही. तिथे डोंगर नाही, दरी नाही, २५ किलोमीटरवर वारा फारसा बदलत नाही. म्हणून खलाशाला हेच सॉफ्टवेअर पुरतं.

मग घाटाखालच्या माणसाने त्यात बघायचं काय? वारा, आणि तोही जमिनीलगतचा नव्हे. ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा. महाबळेश्वरचं पठार जवळपास याच उंचीचं आहे, त्यामुळे घाटावर येऊन आपटणारा वारा तो हाच. विंडीवर उंचीची पट्टी सरकवून तो दिसतो, एक्सवायग्रिबमध्ये पातळी निवडून. कोकण किनाऱ्यासमोर या पातळीवर पश्चिमेचे तीन-चार पिसांचे बाण दोन-तीन दिवस सलग दिसत असतील आणि हवामान खात्याच्या पत्रकात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असल्याचा उल्लेख असेल, तर घाटात जोराचा पाऊस होण्याची परिस्थिती आहे असं समजावं. मॉडेल पावसाचा आकडा काहीही दाखवो.

स्क्रीनशॉट कुठे फसवतो?

व्हायरल चित्रांमधली सगळ्यात नेहमीची चूक पावसाच्या बेरजेची आहे. विंडीवर पाऊस दोन तऱ्हांनी दिसतो, काही तासांचा आणि पुढच्या काही दिवसांचा एकत्र. दहा दिवसांची बेरीज ४०० मिलिमीटर हा कोकणातल्या जुलैचा सरळसाधा आकडा आहे. तोच 'उद्या ४०० मिलिमीटर' म्हणून फिरला की गावात घबराट. दोन-तीनदा अशी घबराट उडाली आणि काही झालं नाही, की चौथ्या वेळी खऱ्या इशाऱ्यालाही लोक हसतात. नुकसान खरं तिथे होतं.

दुसरा घोटाळा वेळेचा. खलाशांची सॉफ्टवेअरं अनेकदा जागतिक प्रमाणवेळ दाखवतात. त्यात साडेपाच तास मिळवल्यावर आपली वेळ येते. '१८.०० वाजता' असं दिसलं तर ते रात्रीचे साडेअकरा, संध्याकाळचे सहा नव्हेत.

आणि १६ दिवसांच्या अंदाजाबद्दल: तो मिळतो म्हणून खरा असतो असं नाही. वाऱ्यासाठी तीन-चार दिवस ठीक, त्यापुढे दर सहा तासांनी चित्र बदलत जातं. दहाव्या दिवसाचं वादळ पाहून आज पोस्ट टाकणाऱ्याला फॉलोअर मिळतात, गावाला काही मिळत नाही.

मग इशारा कुणाचा मानायचा?

भारतीय हवामान विभागाचा. त्यांच्यामागे फक्त मॉडेल नसतं, उपग्रह, रडार, पर्जन्यमापक आणि या भागाचा वर्षानुवर्षांचा अनुभव असलेले अधिकारी असतात. त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ च्या पुढे 'अत्यंत जोरदार' पाऊस. रंग मात्र फक्त मिलिमीटरवरून ठरत नाही, परिणाम किती होईल त्यावरून ठरतो. लाल म्हणजे आता कृती करा. 'मौसम' ॲपवर आणि संकेतस्थळावर जिल्ह्याचा इशारा तर मिळतोच, पुढच्या तीन तासांची तातडीची सूचनाही मिळते.

त्याची मर्यादाही माहीत हवी. इशारा जिल्ह्याचा असतो. रायगड जिल्ह्यात उरणही येतं आणि पोलादपूरही, दोन्हींचा पाऊस सारखा नाही. मुंबईतली रडार महाडपासून सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास दूर. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण जमिनीपासून दीड किलोमीटरच्या वर गेलेला असतो आणि घाटात बऱ्याचदा बुटक्या ढगांतूनही चांगलाच पाऊस पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळाच उभारली आहे ती या पावसाचं कोडं सोडवण्यासाठीच.

समुद्राच्या बाबतीत अधिकृत फुकट पर्याय हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा. १९९९ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, प्रवाह, वारा आणि मासे कुठे मिळतील याचेही अंदाज देते. बाणकोट, श्रीवर्धन, दिवेआगरच्या मच्छीमारांनी परदेशी ॲपच्या आधी हे बघावं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं होतं.

पण चांगला अंदाज हातात असणं आणि तो वापरणं यात अंतर असतं. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज आणि वरप्रदा ही टगबोट बुडाली, ८० हून अधिक जणांचा जीव गेला. वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून होते. जहाजांवर हवामानाची माहिती नव्हती, असं म्हणायला जागाच नाही. प्रश्न निघण्याचा निर्णय कुणी आणि कधी घ्यायचा हा होता.

घाटाखालच्या वाडीतही प्रश्न तोच आहे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी आल्या. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे हेच झालं होतं. दरड कुठल्या वाडीवर येणार, हे कुठलंही ग्रिब सॉफ्टवेअर सांगत नाही, सांगू शकत नाही. जमिनीला गेलेली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कलायला लागलेली झाडं किंवा विजेचे खांब हे बघायला माणूसच लागतो. वाडीतल्या कुणाच्या सांगण्यावरून सगळ्यांनी रात्रीच शाळेत मुक्कामाला जायचं, हे पावसाळ्याआधी ठरलेलं असावं लागतं.

रेंज गेल्यावर

त्या दिवसांत महाड भागात वीज गेली, मोबाइल बंद पडले, रस्ते तुटले. तळियेची बातमी बाहेर पोचायलाही वेळ लागला. विंडी असो की मौसम ॲप, इंटरनेट गेल्यावर सगळीच ॲप जवळपास मुकी होतात. ग्रिब फाइल आणि ओपनसीपीएन तेव्हाही चालतात, कारण ती रेंज नसणार हे गृहीत धरूनच बनवलेली आहेत. जुलैतल्या चार दिवसांच्या झडीत वरंध बाजूची वाडी बोटीपेक्षा फार वेगळी नसते. बाहेर पाणी, आत माणसं आणि बॅटरी संपत आलेली.

म्हणून ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा एखाद्या तरुण मंडळाच्या जुन्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर असणं शहाणपणाचं आहे. पहाटे साडेपाचच्या स्थितीवरचे जीएफएसचे आकडे साधारण साडेनऊ ते साडेदहापर्यंत उपलब्ध होतात. इशारा लागलेला असेल तर रोज त्या वेळी फाइल उतरवून ठेवली, की रेंज गेली तरी पुढच्या तीन-चार दिवसांचा वारा हाताशी राहतो. वारा कधी पडेल, झड कधी उघडेल, एवढं त्यातून बऱ्यापैकी कळतं. शेजारच्या कॅलेंडरवर भरतीच्या वेळा पेन्सिलने लिहिलेल्या असल्या, तर महाडकडे जायचं की थांबायचं हेही ठरवता येतं.

एक गोष्ट खटकते ती वेगळीच. या सॉफ्टवेअरांमध्ये अमेरिकन, युरोपीय, जर्मन, फ्रेंच मॉडेलं निवडायची सोय असते, भारतीय मॉडेल सहसा नसतं. आपल्या मॉडेलचे नकाशे हवामान विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात, पण चित्रांच्या रूपात. २६ मे २०२५ ला 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. ती पुण्यातल्या पाषाणला आयआयटीएममध्ये तयार झाली आणि तिचे ठिपके ६ किलोमीटरवर आहेत. पोलादपूर आणि महाबळेश्वर यांच्यात सरळ रेषेत वीसेक किलोमीटर अंतर आहे, म्हणजे जिथे अमेरिकन फाइलमध्ये पठार हरवतं तिथे या जाळ्याचे तीन ठिपके बसतात. पाषाणहून वरंध घाट शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तरीही वरंधच्या पोराला लॅपटॉपवर उघडता येईल अशी फाइल आज त्याला सहज मिळते ती वॉशिंग्टनहून.